रोज एक वाक्य

डॉक्टर म्हणाल्या, रोज एक वाक्य लिहायचं.
तेच वाक्य, त्याच वेळी, रेघा नसलेल्या कागदावर.
आँसेल्मनं लिहिलं : आज समुद्र शांत आहे.
चाळीस वर्षं लॉबस्टरची होडी हाकलेल्या माणसाला
दुसरं काय सुचणार.
हॅलिफॅक्सच्या त्या खिडकीतून समुद्र दिसतही नव्हता,
दिसत होता गाड्यांचा तळ
आणि मिठानं काळवंडलेला बर्फ.

त्याच्या रक्तात कुंपणच शेत खात होतं.
राखणीच्या पांढऱ्या पेशी काम विसरून
नुसत्याच वाढत सुटल्या,
मज्जेत पाय ठेवायला जागा उरली नाही.
औषधांनी दोनदा झोडपल्या. दोनदा परत आल्या.
दुसऱ्या पांढऱ्या पेशी, ज्या पहारेकरी,
त्यांच्या शेजारून जायच्या आणि पुढे व्हायच्या.
घरच्या माणसाची झडती कोण घेतो?

मग एका मंगळवारी त्याला यंत्राला जोडलं.
एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून आत,
वाटेत पहारेकरी तेवढे काढून घेतलेले.
पाच तास दोन्ही हात हलवायचे नाहीत.
ओलुची नावाची नर्स त्याचं नाक खाजवून देत होती.
पिशवीत जमलं ते फिकट, पातळ,
आमच्या धक्क्यावर कुणी फुकट नेलं नसतं.
ते गोठवून विमानानं गेलं.
आँसेल्म जन्मात विमानात बसलेला नाही.
'न्यू जर्सीला गेल्या,' तो म्हणाला, 'मला न विचारता,
आणि पासपोर्टशिवाय.'

तिथे काय करतात
ते डॉक्टर मॅकइसाकनी पेनाच्या टोपणावर समजावलं.
नखं काढलेल्या विषाणूच्या पाठीवरून
पेशीच्या आत निरोप धाडतात.
निरोप वाचून पेशी अंगावर एक आकडा उगवते,
तो एकाच खुणेत अडकतो.
विंचू मारावा तर पाहुण्याच्या काठीनं.
इथे विंचू घरचा आणि काठीही घरची,
फक्त काठीला डोळे लावून आणलेले.

परत आलेली पिशवी चहाच्या कपाएवढीही नव्हती.
दहा मिनिटांत संपली.
खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास राहिला.

पहिला दिवस : आज समुद्र शांत आहे.
दुसरा दिवस : आज समुद्र शांत आहे.
चौथ्या दिवशी ताप चाळीसवर गेला
आणि मॅकइसाकबाई, देवाशपथ, हसल्या.
'भिडल्यात,' म्हणाल्या.
तेवढा वेळ मला त्यांचा राग राग आला.

सहाव्या दिवशी
'आज समु' लिहून पेन वर चढलं,
कागद सोडून चादरीवर गेलं.
शंभरपासून दहा-दहानं उलट मोजा.
नव्वद, म्हणाला. नव्वद. नव्वद.
घड्याळ दाखवलं, हे काय? 'होकायंत्र.'
मी कोण, हे मी विचारलं नाही.

रात्री त्याच्या उशाशी पिंजऱ्याची जाळी विणत बसले.
गाठ, मग गाठ.
आत शिरायला वाट, बाहेर यायला नाही :
सापळ्यातलं मला एवढंच कळतं.
आत कोण शिरलं होतं आणि कोण अडकलं होतं
ते त्या तापात मला सांगता आलं नसतं.
ओलुची दर तासाला येऊन दिवा न लावता
त्याच्या कपाळावर हात ठेवून जायची.

दहाव्या दिवशी समुद्र वाकडा आला,
शांत नीट आला.
अठ्ठाविसाव्या दिवशी मज्जा तपासली,
चोर एकही नाही.
त्या जातीच्या भल्या पेशीही नाहीत.
पहारेकरी खूण बघतात, मन बघत नाहीत.
आता दर महिन्याला अनोळखी लोकांच्या रक्तातलं बळ
उसनं घ्यावं लागतं. आणि ते पहारेकरी,
थोडेसे, अजून फिरतात म्हणे. किती दिवस,
ते कुणी लिहून देत नाही.

कागद मी जपून ठेवलेत, चादरीचा डाग सोडून.
शेवटचा कुणी मागितला नव्हता.
घरी आल्यावर, किराणा यादीच्या मागे,
त्यानं आपणहून लिहिलेला :
अकरा नंबरच्या पिंजऱ्याचं तोंड फाटलंय, झेली.